रक्त, दूध आणि संवय

वाशिमाचा इतिहास सांगावयास कोणी उभा राहिला म्हणजे तो बहुधा ताम्रपटापासून आरंभ करतो. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. दुसऱ्या विंध्यशक्तीचा जो ताम्रपट येथें उपलब्ध झाला, त्यांत ग्रामदानाची हकीकत प्राकृतांत आहे, पण राजाची वंशावळ मात्र संस्कृतांत कोरलेली आहे: पिता सर्वसेन, पितामह प्रवरसेन. हा पाठ मुलांना शिकवितांना मी नेहमीं म्हणत असें कीं, जुन्या लोकांना माणसाची खरी ओळख त्याच्या पूर्वजांत दिसे, म्हणून कूळ आधीं सांगावयाचें आणि काम मागाहून.

आज मला सांगावयाचा आहे तो इतिहासही वंशावळीचाच आहे. मात्र तो राजांचा नाहीं. आईबापांकडून मुलांकडे काय जातें आणि काय जात नाहीं, या प्रश्नाचा शोध मुंबईच्या परळ भागांत आपल्याच लोकांनीं कसा घेतला, त्याची ही हकीकत आहे. मी शास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकाचा अभ्यासक्रम पुरा केला आणि खेड्यांतील प्राथमिक शाळांत सारी नोकरी केली. माझी पुतणी कॉलेजांत जीवशास्त्र शिकूं लागली, तेव्हां तिचीं पुस्तकें मीं वाचून काढलीं. तीं केवळ कुतूहलानें वाचलीं असें नव्हे. एका जुन्या अपराधाची टोचणी मनांत होती.

सुमारें चाळीस वर्षांपूर्वींची गोष्ट. मी ज्या गांवीं शिक्षक होतों, तेथील एक गृहस्थ तोंडाच्या कर्करोगानें वारले. गालाच्या आंत प्रथम एक व्रण झाला. तो दाढ लागून झाला असेल म्हणून त्यांनीं सहा महिने काढले. नागपुरास नेलें तेव्हां फार उशीर झाला होता. त्यांची वडील मुलगी लग्नाची होती व शेजारच्या गांवीं तिची सोयरीक ठरत आली होती. मुलाचा बाप एके दिवशीं माझ्याकडे आला आणि म्हणाला, "गुर्जी, तुमी शिकेल मानूस. सांगा, सोयरीक करू का नोको करू?" मीं थोडा विचार केल्याचा आविर्भाव केला व उत्तर दिलें, "भाऊ, रोग रक्तांतला आहे. पुढच्या पिढीचा विचार करा." ती सोयरीक मोडली. हें सांगतांना माझ्या डाव्या तळहातावर चुना होता आणि उजव्या अंगठ्यानें मी तंबाखू मळीत होतों.

माझ्या त्या उत्तरांत किती सत्य होतें आणि किती असत्य, हें समजावयास मला एका शतकाचा इतिहास वाचावा लागला. तोच थोडक्यांत सांगतों.

ग्रेगोर मेंडेल या धर्मोपदेशकानें १८६५ सालीं ब्रुन शहरांत वाटाण्याच्या रोपांवरील आपले प्रयोग वाचून दाखविले. आई आणि बाप दोघेही प्रत्येक गुणाचा एकेक अंश संततीला देतात, व ते अंश एकमेकांत न विरघळतां पुढील पिढ्यांत वेगळे निघतात, असा त्याचा सिद्धान्त. पुढील वर्षीं निबंध छापला गेला. पण तो कोणी मनावर घेतला नाहीं. १९०० सालीं तीन शास्त्रज्ञांना तेच नियम स्वतंत्रपणें पुन्हां आढळले, आणि मग मात्र जिकडे तिकडे आनुवंशिकतेचा बोलबाला झाला. नवें औषध निघालें म्हणजे वैद्य जसा तें सर्व रोगांवर देऊन पाहतो, तसें कित्येक विद्वानांनीं मेंडेलचे नियम सर्व गोष्टींस लावून पाहिले. शिकागो येथील मॉड स्लाय या बाईंनीं हजारों उंदीर पाळले व कर्करोगाची प्रवृत्ति वाटाण्याच्या गुणांसारखीच वंशांत उतरते असें प्रतिपादन केलें. माणसांनींही घराण्यांच्या नोंदी ठेवून विवाह जुळविले तर हा रोग नाहींसा होईल, अशी त्यांची आशा होती. म्हणजे जी चूक मीं एका खेड्याच्या ओट्यावर बसून केली, तीच एका मोठ्या विद्यापीठांत अपार श्रम करून झाली होती. फरक इतकाच कीं, शास्त्रांत चूक तपासावयास दुसरा कोणी तरी बसलेला असतो.

तो तपास अमेरिकेंत बार हार्बर या गांवच्या जॅक्सन प्रयोगशाळेंत झाला. तेथें उंदरांचे शुद्ध वंश पाळलेले होते. कांहीं वंशांतील माद्यांना स्तनाचा कर्करोग फार होई, कांहींत क्वचितच. या दोन वंशांचा संकर दोन प्रकारें करतां येतो: आई रोगी वंशाची व बाप निरोगी वंशाचा, किंवा याच्या उलट. मेंडेलच्या नियमाप्रमाणें आई व बाप यांचा वांटा सारखा. तेव्हां दोन्ही संकरांतील मुलींना रोग सारखाच व्हावयास हवा. पण १९३३ सालीं दिसून आलें तें निराळेंच. मुली आईच्या वळणावर जात. आई रोगी वंशाची तर मुलींत रोग पुष्कळ. आई निरोगी वंशाची तर थोडा. याचा अर्थ, गुणसूत्रांच्या बाहेरचें असें कांहीं तरी आई देत होती.

१९३६ सालीं जॉन बिटनर यानें यावर एक साधा उपाय योजला. रोगी वंशाच्या आईचीं पिलें जन्मतांच उचलून त्यानें निरोगी वंशाच्या दाईकडे दूध पाजावयास ठेवलीं. त्या पिलांना पुढें रोग पुष्कळच कमी झाला. रक्त तेंच, गुणसूत्रें तींच. बदललें तें केवळ दूध. ज्याला आनुवंशिक म्हणत होते, तें दुधांतून येत होतें. पुढें तो एक विषाणु असल्याचें ठरलें.

येथें माता-भगिनींस एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ही उंदरांची कथा आहे. मनुष्याच्या दुधानें बाळाला कर्करोग होत नाहीं. उलट, अंगावर पाजणाऱ्या मातेला स्तनाच्या कर्करोगाचा धोका कांहींसा कमीच असतो. उंदरांनीं आपणांस शिकविलें तें इतकेंच कीं, एखादी गोष्ट घराण्यांत चालत आली म्हणून ती रक्तांतूनच आली, असें अनुमान काढूं नये.

आतां परळास येऊं. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. दोराबजीही पुढील वर्षीं गेले; परंतु त्यांच्या विश्वस्त निधींतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं परळ येथें टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलें. तेथील प्रयोगशाळांची सूत्रें डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आलीं. त्यांचा जन्म १८९५ सालीं क्वेट्टा येथें झाला होता व वैद्यकाचें उच्च शिक्षण लंडन येथें. सूक्ष्मदर्शकाखालीं रोगट पेशी ओळखणें हें त्यांचें काम. पण त्यांची दृष्टि कांचेच्या तुकड्यापुरती नव्हती. हा रोगी काय खातो, काय नेसतो, काय ओढतो, हें ते विचारीत.

काश्मिरांत थंडीसाठीं पोटाशीं निखाऱ्यांची कांगडी धरतात. तेथें पोटाच्या त्वचेचा कर्करोग होतो, ही गोष्ट पूर्वींपासून माहीत होती. १९४५ सालीं खानोलकर व सूर्याबाई यांनीं रूढि आणि कर्करोग यांच्या संबंधावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांत धोतरामुळें होणाऱ्या कर्करोगाचें वर्णन आहे. वर्षानुवर्षें एकाच जागीं धोतर कसून बांधल्यानें कमरेची त्वचा घासत राहते आणि कांहींजणांत तेथें रोग उद्भवतो. श्रोतेहो, धोतर बापाकडून मुलाकडे येतें. आजाही तेंच नेसत होता. वंशावळ लिहिली तर रोग घराण्यांत आहे असेंच दिसेल. पण धोतर रक्तांतून येत नाहीं.

मुंबई शहर या प्रश्नाला फार सोयीचें होतें. निरनिराळे समाज एकाच हवेंत राहतात, परंतु लग्नें आपापल्या समाजांतच करतात, आणि त्यांच्यांत कर्करोगाच्या जागाही वेगवेगळ्या आढळतात. पारशी स्त्रियांत स्तनाचा अधिक, दुसऱ्या समाजांत तोंडाचा व घशाचा अधिक. हा भेद रक्ताचा कीं रीतीचा? डॉ. लाभशंकर संघवी हे आनुवंशिकीचे अभ्यासक खानोलकरांसमवेत या कामास लागले. १९४९ सालीं या दोघांनीं मुंबईंतील सहा समाजांच्या सात आनुवंशिक लक्षणांची तपासणी प्रसिद्ध केली. रक्ताचा प्रश्न त्यांनीं टाळला नाहीं. रक्त प्रत्यक्ष मोजून पाहिलें. पुढें १९५५ सालीं संघवी, राव व खानोलकर यांनीं तोंड, घसा व अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा आणि तंबाखूचा संबंध रोगी व निरोगी माणसांच्या संवयी ताडून पाहून मांडला. तंबाखू चघळणारा, विडी ओढणारा, आणि दोन्ही करणारा, यांचा धोका किती व कोणत्या जागीं वाढतो, हें त्यांत दाखविलें होतें. माझ्या त्या अनाहूत निवाड्याच्या तीस वर्षें आधीं त्याचें उत्तर छापून तयार होतें!

या प्रयोगशाळेंतील आणखी एक नांव मराठी घरांत अधिक परिचित असावयास हवें: डॉ. कमल रणदिवे. पूर्वाश्रमीच्या कमल समर्थ. जन्म पुण्यास, ८ नोव्हेंबर १९१७. वडील फर्ग्युसन कॉलेजांत जीवशास्त्र शिकवीत. मुलीचें शिक्षण हुजूरपागेंत व मग फर्ग्युसनमध्यें झालें. १९३९ सालीं गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशीं विवाह होऊन त्या मुंबईस आल्या व खानोलकरांच्या हाताखालीं संशोधन करूं लागल्या. स्तनाच्या कर्करोगाची प्रवृत्ति कमीअधिक असलेल्या उंदरांच्या चार वंशांचा त्यांनीं तौलनिक अभ्यास केला. १९४९ सालीं मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. नंतर अमेरिकेंत बाल्टिमोर येथें जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेंत त्या शरीराबाहेर पेशी जगविण्याची विद्या शिकल्या. याच गाय यांच्या प्रयोगशाळेंत १९५१ सालीं हेन्रिएटा लॅक्स नांवाच्या कृष्णवर्णी स्त्रीच्या कर्करोगाच्या पेशी वाढविल्या गेल्या. ती बाई त्याच वर्षीं वारली. तिला कोणी विचारलेंही नव्हतें. आणि तिच्या पेशी जगांतील प्रयोगशाळांतून आजही वाढत आहेत.

रणदिवे बाई परत आल्या. मुंबईस १९५२ सालीं खानोलकरांच्या पुढाकारानें कर्करोग संशोधनाचें स्वतंत्र केंद्र निघालें होतें. तेथें त्यांनीं पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. अशी ही भारतांतील पहिलीच. १९६६ पासून चार वर्षें त्यांनीं त्या संस्थेचा कारभार पाहिला. १९७३ सालीं सहकारी स्त्रियांसह भारतीय स्त्री-वैज्ञानिकांची संघटना स्थापिली. १९८२ सालीं त्यांना पद्मभूषण मिळालें. विडा आणि तोंडाचा कर्करोग यांच्या संबंधाविषयीं हॅमस्टर नांवाच्या, गालांत पिशव्या असलेल्या प्राण्यावर केलेले त्यांचे प्रयोग १९७६ सालीं प्रसिद्ध झाले. पुढें त्यांनीं आदिवासी मुलांच्या पोषणाचें काम केलें, तें 'अकोल्या'स केल्याचें वाचून मला आनंद झाला. कारण १९९८ पर्यंत आमचें वाशीम अकोला जिल्ह्यांतच होतें. मग ध्यानांत आलें कीं, तें नगरकडील अकोलें! तरी आनंद कमी झाला नाहीं. परळच्या सूक्ष्मदर्शकापासून डोंगरांतील झोंपडीपर्यंत जाणें, हा प्रवास साधा नव्हे.

आतां मूळ प्रश्न: रोग रक्तांतला कीं नाहीं? पुतणीच्या पुस्तकांत याचें उत्तर मला सांपडलें, पण तें खऱ्या अर्थानें समजलें लोणारास. रिसोडच्या पलीकडे, बुलढाणा जिल्ह्यांत, उल्कापातानें झालेलें हें खाऱ्या पाण्याचें सरोवर आमच्याकडील प्रत्येक शाळेच्या सहलीचें ठरलेलें ठिकाण. जून २०२० मध्यें त्याचें पाणी गुलाबी झालें. लोक भयभीत झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेंत पाणी तपासलें, तेव्हां तें अतिखाऱ्या पाण्यांत राहणाऱ्या एकपेशीय सूक्ष्मजीवांचें काम ठरलें. पृथ्वीवर जीवसृष्टीचा आरंभ असाच एकेकट्या पेशींनीं झाला, त्याला निदान साडेतीन अब्ज वर्षें लोटलीं. बहुपेशी प्राण्यांचे अवशेष साठ कोटी वर्षांच्या आसपासचे. म्हणजे फार अलीकडचे. एकट्या पेशीचा धर्म एकच: अन्न मिळेल तोंवर दुभंगावें व वाढावें. अनेक पेशींनीं मिळून शरीर केलें, तेव्हां प्रत्येकीनें तो धर्म आवरता घेतला. केव्हां वाढावें, केव्हां थांबावें, केव्हां मरावें, याच्या आज्ञा जनुकांत लिहिलेल्या आहेत. या आज्ञाच खोडल्या गेल्या, तर पेशी पुन्हां एकटीसारखी वागूं लागते. तिच्या लेकी-नाती तसेंच वागतात. यालाच कर्करोग म्हणतात.

म्हणून सर्व कर्करोग जनुकांचे असतात, हें खरें. पण, आणि माझी चूक नेमकी येथें आहे, येथें दोन वंशावळी आहेत: एक पेशीची, दुसरी माणसाची. तंबाखूनें गालाच्या पेशींतील जनुकें बिघडतात. तो बिघाड गालाच्या त्या पेशीच्या वंशांत उतरतो. माणसाच्या वंशांत नव्हे. मुलें जन्मतात तीं स्त्रीबीज व शुक्रपेशी यांपासून, गालापासून नव्हे. बापाच्या गालांतील व्रण मुलीच्या रक्तांत जावयास वाटच नाहीं.

याला अपवाद आहेत व ते लपविणें अप्रामाणिकपणाचें होईल. कांहीं थोड्या घराण्यांत बिघडलेलें जनुक बीजांतूनच येतें. मेरी-क्लेअर किंग या शास्त्रज्ञ बाईंनीं १९९० सालीं स्तनाच्या कर्करोगाशीं निगडित असें एक जनुक सतराव्या गुणसूत्रावर असल्याचें दाखविलें. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रोग्यांपैकीं सुमारें पांच ते दहा जणांत असा वारसा असतो. तो आईकडून येतो तसा बापाकडूनही येऊं शकतो, आणि प्रत्येक अपत्याला तो मिळण्याचा संभव निम्मा. जवळच्या अनेक नातलगांना, तेंही कमी वयांत, असा रोग झाला असेल, तर तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. पण तो आपला जीव वांचविण्यासाठीं. कोणाची सोयरीक मोडण्यासाठीं नव्हे.

ती मुलगी पुढें दूरच्या गांवीं दुसरेपणावर दिली गेली. इतकेंच मला कळलें. मीं तंबाखू सोडली ती पुतणीचें पुस्तक मिटल्यावर. गेल्या वर्षीं त्या मुलीचा धाकटा भाऊ वाशिमास बाजारांत भेटला. त्याला एका ओट्यावर बसवून मीं हें सारें सांगितलें. माझ्या शब्दानें त्याच्या बहिणीचें काय झालें तें सांगितलें व क्षमा मागितली. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "जाऊ द्या, गुर्जी. तवा तुमाले तरी काय ठाऊक होतं?" आणि खिशांतून पन्नी काढून त्यानें खर्रा घोटावयास सुरुवात केली.

मीं त्याचा हात धरला. बापाकडून मुलाकडे काय गेलें होतें, तें त्या पन्नींत माझ्या डोळ्यांसमोर होतें. तंबाखू, सुपारी, चुना. यांपैकीं सुपारी एकटीही कर्करोगास कारण होते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००४ सालीं दिला आहे. महाराष्ट्रांत २०१२ सालीं गुटख्यावर बंदी आली; खऱ्ऱ्याच्या टपऱ्या मात्र आमच्या विदर्भांत कोणास दाखवाव्या लागत नाहींत. मीं त्याला तोंड उघडावयास सांगितलें. धडधाकट माणसाच्या तोंडांत त्याचीं स्वतःचीं तीन बोटें उभीं सहज जातात. त्याचीं दोनच गेलीं, तिसरें जाईना.

श्रोतेहो, आपल्या घरांतही हें करून पाहावें. बोटें जात नसतील, गालांत किंवा जिभेवर पांढरा अथवा लाल चट्टा असेल, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण असेल, तर दाढेवर ढकलूं नये; डॉक्टरांस दाखवावें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी त्या भावाला घेऊन दवाखान्यांत गेलों. आमचा नंबर येईपर्यंत त्यानें दोनदां खिशाकडे हात नेला, आणि दोन्ही वेळां माझ्याकडे पाहून तो मागें घेतला.